आधी पाणी मोजा, मग पोल घ्या: नागपुरात काचसफाईचं साहित्य निवडताना

खिडक्यांच्या काचा धुण्याचं काम धंदा म्हणून सुरू करायचं ठरलं की पहिला मोह होतो तो तयार किट मागवण्याचा. आम्ही खरेदीआधी इमारती पाहून घेतल्या आणि प्रत्येक इमारतीसमोर तीन गोष्टी टिपल्या: काच कसली आहे, बाहेरून ग्रिल आहे का आणि तिथं पाणी नळाचं आहे की बोअरचं. यादी या तीन उत्तरांवर ठरते.

नागपुरात ही उत्तरं वस्तीगणिक बदलतात. महाल, इतवारीतल्या जुन्या घरांत लाकडी चौकटीतली लहान तावदानं. धरमपेठ, रामदासपेठेतल्या बंगल्यांना लोखंडी ग्रिल आणि जिन्यापाशी एखादी उंच काच. मनीषनगर, बेसा, वर्धा रोडकडच्या फ्लॅट स्कीममध्ये अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या, त्यात एक शटर जाळीचं. सदर आणि सीताबर्डीवर शोरूमच्या मोठ्या काचा, मिहानच्या औद्योगिक भागाकडे अख्खा दर्शनी भागच काचेचा. यातलं कोणतं काम आधी मिळणार आहे ते पाहूनच पैसे घाला.

ग्रिलचा मुद्दा आधी, कारण बाहेरच्या देशांतले व्हिडिओ पाहून साहित्य घेणारे इथंच अडकतात. तिकडची बरीच खिडकी बाहेरून मोकळी असते. आपल्याकडे ग्रिलच्या चौकोनांतून हात जेमतेम जातो, पाणी सोडणाऱ्या लांब दांड्याचा, म्हणजे पोलचा, ब्रश तर जातच नाही. अशा खिडकीचं बाहेरचं अंग धुण्याचा खरा उपाय म्हणजे शटर काढून घेणं. स्लायडिंग शटर दोन्ही हातांनी वर उचललं की खालची कड ट्रॅकमधून सुटते, मग ती आपल्याकडे ओढून शटर बाहेर घ्यायचं. वर अडवणारा प्लास्टिकचा ठोकळा किंवा स्क्रू असेल तर तो आधी सैल करावा लागतो. वजनाचा अंदाज असू द्या: काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. म्हणजे ५ मिमी काचेचं दोन फूट बाय चार फूट शटर नुसत्या काचेचंच सव्वानऊ किलो भरतं, वर फ्रेम. एकट्यानं स्टुलावर उभं राहून हे काढू नये. यासाठी लागतं ते असं: दोन हँडलचा काच उचलायचा सक्शन कप, रबराचे दाणे असलेले हातमोजे, शटर टेकवायला जाड रबरी मॅट आणि कोणतं शटर कोणत्या ट्रॅकमधलं हे लिहायला मास्किंग टेप. टेप स्वस्त आहे, पण ती नसली की जाळीचं शटर चुकीच्या ट्रॅकमध्ये बसतं आणि कडी लागत नाही.

आता पाणी. काच साफ करण्याच्या दोन पद्धती आहेत आणि दोन्हींना लागणारं पाणी वेगळं आहे. वायपरनं काम करताना पाणी काचेवरून ओढून काढलं जातं, त्यात विरघळलेले क्षारही त्याच्याबरोबर निघून जातात. म्हणून नळाचं पाणी उत्तम आणि बोअरचंही चालून जातं, फक्त कडा लगेच कोरड्या करायच्या. पोलची गोष्ट उलटी. दांड्याच्या टोकाला ब्रश, ब्रशमधून पाणी, आणि शेवटची धार काचेवरच सोडून द्यायची. ती तिथंच वाळते. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले घन पदार्थ; तो ८०० असेल तर एका लिटरमागे ८०० मिलिग्रॅम. पाणी उडून जातं, हे पदार्थ मागे राहतात आणि ऊन पडलं की काच पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेली दिसते. पोलसाठी टीडीएस १० च्या आत हवा, शून्य असेल तर फारच छान. त्यामुळे आमच्या यादीत पहिली वस्तू टीडीएस मीटर. काही शे रुपयांत मिळतो आणि पुढचे हजारो रुपये कुठं घालायचे ते सांगतो.

शहराला पाणी पेंच आणि कन्हानचं येतं. कडेच्या नव्या लेआउटमध्ये बोअर असते आणि पुष्कळ फ्लॅट स्कीममध्ये दोन्ही पाणी एकाच टाकीत पडतं. म्हणून ‘इथं नळाचं पाणी आहे’ या वॉचमनच्या शब्दावर न जाता ज्या तोटीतून बादली भरणार तिथंच मीटर बुडवा, तेही त्या दिवशी.

शुद्ध पाणी करायचे टप्पे चार: गाळ अडवणारा सेडिमेंट फिल्टर, कार्बन, आरओ मेम्ब्रेन, म्हणजे बहुतेक क्षार अडवणारा पातळ पडदा, आणि शेवटी डीआय रेझिन, म्हणजे उरलेले क्षार धरून ठेवणारे दाणे. कार्बन मेम्ब्रेनच्या आधीच हवा, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मेम्ब्रेन खराब करतं. आरओ वगळून थेट डीआय लावणं स्वस्त वाटतं, पण हिशेब करून पाहा. एक लिटर मिश्र रेझिन साधारण २७ ग्रॅम क्षार धरून ठेवतं. टीडीएस ३०० असेल तर ते ९० लिटर पाण्यात संपतं. तेच पाणी आरओतून २० वर आणून दिलं तर एका लिटर रेझिनमधून १,३०० लिटरपर्यंत निघतात. बोअरवर नुसतं डीआय चालवणारा माणूस रेझिनच विकत घेत बसतो.

सुरुवातीला मोठं युनिट लागत नाही. घरगुती आरओचे सुटे भाग घेऊन जोडणी होते. १०० जीपीडीचं (दिवसाला शंभर गॅलनचं) मेम्ब्रेन दिवसाला ३७८ लिटर, म्हणजे तासाला पंधरा-सोळा लिटर देतं, पण ते कागदावर. तो आकडा २५ अंश पाण्याला आणि ठरलेल्या दाबाला धरून असतो. दाब वाढवणारा बूस्टर पंप चांगला असेल तर रात्रभरात दीडशे लिटर धरून चाला. घरगुती युनिटमधला टीडीएस कंट्रोलर आणि मिनरल कार्ट्रिज काढून टाकायला विसरू नका. पाण्याला चव यावी म्हणून ते क्षार परत मिसळतात, आपल्याला तेच नको आहेत.

इथं नागपूरचा उन्हाळा मध्ये येतो. घरगुती मेम्ब्रेनची कमाल मर्यादा सहसा ४५ अंशांची असते आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं दुपारचं पाणी हाताला चटका देतं. गरम पाण्यात मेम्ब्रेन पाणी जास्त देतं, पण क्षारही जास्त सोडतं, त्यामुळे रेझिन लवकर संपतं. उन्हाळ्यात आरओ रात्री उशिरा ते पहाटे चालवा. पाणी जमिनीखालच्या टाकीचं मिळालं तर अधिक बरं. आरओतून वाया जाणारं पाणी फेकू नका. शटरच्या फ्रेम, जाळ्या आणि ट्रॅक धुवायला ते कामाला येतं.

पोलला पाणी ढकलायला महागडी ट्रॉली घ्यायची गरज नाही. कृषी केंद्रात मिळणारा १६ लिटरचा बॅटरीवरचा फवारणी पंप हेच काम करतो. त्याचा नोझल काढून पोलचा बारीक पाइप जोडायचा. मिनिटाला दीड लिटर धरलं तर एका भरण्यात दहा मिनिटं सलग चालतो. एकच अट: पंप नवा कोरा हवा. शेतात औषध मारलेला पंप कितीही धुतला तरी कुणाच्या घरापाशी न्यायचा नाही. आणि तो पाठीवर घेऊ नका. भरलेला पंप वीस किलोच्या आसपास जातो, तो पाठीवर घेऊन मान वर करून काम केलं तर पाठ लवकर दुखते. जमिनीवर ठेवा आणि पाइप लांब घ्या.

पोल तीन तऱ्हांचे: अॅल्युमिनियम, फायबरग्लास आणि कार्बन फायबर, शिवाय मधले मिश्र. अॅल्युमिनियम स्वस्त, पण वीस फुटांच्या वर तो इतका लवतो की ब्रश काचेवर टिकत नाही. कार्बन हलका आणि ताठ, मात्र तो वीज वाहतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. नागपुरातल्या जुन्या लेआउटमध्ये विजेच्या तारा गॅलरीच्या अगदी जवळून गेलेल्या दिसतात. नियम सोपा ठेवा: उघडलेल्या पोलची पूर्ण लांबी आणि वर आणखी तीन मीटर, एवढ्या टापूत उघडी तार असेल तर पोल उघडायचाच नाही, मग तो कशाचाही असो. ओला फायबरग्लासही भरवशाचा नाही. तळमजला अधिक एक मजला यासाठी २० ते २२ फुटांचा फायबरग्लास किंवा मिश्र पोल पुरतो. मिटलेली लांबी नक्की पाहा. सहा फुटांच्या आत असेल तर ऑटोत तिरपा बसतो.

पोल वापरताना आधी वरची फ्रेम आणि रबराची कड घासून ती पूर्ण निथळू द्यायची, मग काच. उलटं केलं तर स्वच्छ काचेवर वरून काळ्या धारा उतरतात. जुन्या पावडर कोटिंगवर खडूसारखी पूड सुटली असेल तर धारा पांढऱ्या येतात. अशा फ्रेमला पोल लावूच नका, वायपरनं करा.

हातातल्या साहित्यावर कंजुषी करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. अमेरिकेत एत्तोरे स्तेकोनेनं १९३६ मध्ये एका पात्याचा पितळी वायपर आणला, आजचे व्यावसायिक वायपर त्याच रचनेचे आहेत: मूठ, धातूची पट्टी आणि तिच्यात सरकवलेलं रबर. फरशीचा किंवा गाडीचा वायपर काचेला चालत नाही, त्याच्या रबराची कड मुळातच तीक्ष्ण नसते. उंगर, एत्तोरे, पुलेक्स, मोअरमन हे नावाजलेले ब्रँड. सुरुवातीला एक मूठ आणि ६, १० व १४ इंचांच्या तीन पट्ट्या घ्या. १८ इंची शोरूमचं काम मिळाल्यावर. मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये एकाच मापाची चाळीस-चाळीस शटरं असतील तर अॅल्युमिनियमची पट्टी हॅक्सॉनं काचेच्या रुंदीपेक्षा अर्धा सेंटिमीटर कमी कापून घ्या, कड कानशीनं गुळगुळीत करा. वरून खाली एका ओढीत शटर कोरडं होतं. रबर पट्टीच्या दोन्ही टोकांना दोन-तीन मिलिमीटर बाहेर असलं पाहिजे; ते आत राहिलं तर कडेला पाण्याची रेघ राहते आणि धातू फ्रेमला घासतो.

रबर दोन प्रकारचं येतं, मऊ आणि कडक. मऊ रबर थंडीत छान चालतं, पण एप्रिल-मेमध्ये ते काचेला चिकटून थरथरतं आणि आडव्या रेघा सोडतं. इथं मार्च ते जून कडक, डिसेंबर-जानेवारीत मऊ. कड बोथट झाली की रबर उलटं करून दुसरी कड वापरता येते. दोन्ही गेल्यावर टाकून द्या, कात्रीनं किंवा सँडपेपरनं कड काढायच्या भानगडीत पडू नका. सुटं रबर गाडीच्या डिकीत ठेवू नये, उन्हानं ते वाकडं होतं. कापडात गुंडाळून घरात सपाट ठेवा.

भिजवायला टी आकाराचा दांडा आणि त्यावर मायक्रोफायबरची स्लीव्ह. दांड्यामागे दोन स्लीव्ह हव्यात, एक बाहेरच्या अंगाला, एक आतल्या. बादली चौकोनी, निदान १८ लिटरची, १४ इंची वायपर आडवा बुडेल अशी. साबण म्हणजे भांड्यांचं साधं लिक्विड, दहा लिटरला एक चहाचा चमचा. जास्त घातला तर फेस सुकून पापुद्रा धरतो. उन्हाळ्यात मात्र दीड चमचा घालतो, कारण तापलेल्या काचेवर पाणी लवकर उडतं आणि रबर घसरायला थोडं वंगण लागतं. त्याहून महत्त्वाचं आहे ते सावलीत काम करणं: सकाळी पश्चिमेच्या खिडक्या, दुपारनंतर पूर्वेच्या. निम्मी उन्हात आणि निम्मी सावलीत असलेली टिंटेड काच आधीच ताणाखाली असते. तिच्यावर थंड पाणी ओतलं तर ती तडकू शकते.

ट्रॅकसाठी एक इंची रंगाचा ब्रश, लहान व्हॅक्यूम क्लीनर आणि पातळ पट्टी. क्रम मोडू नका: आधी कोरडी धूळ काढायची, मगच पाणी. आधी पाणी टाकलं की ट्रॅकमध्ये चिखल होतो आणि पाणी बाहेर जायची छिद्रं बुजतात. ती छिद्रं तारेनं मोकळी करा, नाहीतर पहिल्या पावसात पाणी खोलीत येतं आणि ठपका सफाईवाल्यावर येतो.

स्क्रेपर जपून. खिशात मावणारा दीड इंची आणि नव्या बांधकामासाठी चार इंची, एवढे दोन पुरे. काच ओली हवी, पातं फक्त पुढे ढकलायचं आणि मागे आणताना उचलायचं. मागे ओढलं तर अडकलेला कण काचेवर रेघ मारतो. एका फ्लॅटला एक नवं पातं धरून भाव सांगा. गंजाचा ठिपका दिसला की पातं बाद. टफन्ड काचेवर, म्हणजे कोपऱ्यात शिक्का असलेल्या काचेवर, भट्टीतले बारीक कण पृष्ठभागाला चिकटलेले असू शकतात. स्क्रेपर त्यांना उपटतो आणि अख्ख्या काचेवर ओरखडे ओढतो. ओल्या काचेवर बोटं फिरवून खरखर लागते का पाहा आणि लागली तर बिल्डरला लेखी कळवल्याशिवाय पातं लावू नका. बाहेरून आरशासारखी दिसणारी काच असेल तर परावर्तक थर कोणत्या बाजूला आहे ते विचारा. त्या बाजूला, तसंच सनफिल्मवर, स्क्रेपर नाही आणि अमोनिया असलेलं क्लीनरही नाही.

नागपूरचा खास डाग म्हणजे कूलरचा. एप्रिल ते जून खिडकीत बसवलेल्या कूलरच्या टाकीतलं पाणी उडत जातं तसे त्यातले क्षार घट्ट होत जातात. तेच तुषार काचेवर बसून पांढरं कवच धरतात. साबणानं ते हलत नाही. त्यात मुख्य भाग चुन्याचा असतो, म्हणून सौम्य आम्ल लागतं. इतवारीच्या किराणा ओळीत मिळणारं सायट्रिक अॅसिड, लिटरभर पाण्यात ५० ते १०० ग्रॅम. कपडा भिजवून काचेवर दहा मिनिटं चिकटवून ठेवायचा, मग पांढऱ्या नायलॉन पॅडनं घासायचं आणि भरपूर पाण्यानं धुवायचं. हट्टी थराला सल्फॅमिक अॅसिड. ऑक्झॅलिक अॅसिड इथं वापरू नका. चुन्याबरोबर त्याचा न विरघळणारा क्षार तयार होतो आणि डाग उलट घट्ट बसतो. ते ठेवा ग्रिलच्या गंजाच्या ओघळांसाठी. संडास धुवायचं तेजाब खिडकीजवळ आणायचंच नाही, ते अॅल्युमिनियमचा थर आणि खालचा संगमरवर किंवा कोटा दोन्ही खातं. ‘एका पुसण्यात डाग गायब’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीवर हायड्रोफ्लोरिक अॅसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड लिहिलेलं असेल तर ती परत करा. ते कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत इजा करतं आणि सुरुवातीला दुखतही नाही. ब्लीच आणि कोणतंही आम्ल कधीच एकत्र करू नये, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. काही वर्षं जुन्या डागाखालची काचच खाल्ली गेलेली असते. आम्लानंतर नखाला खडबड लागली तर पुढचा उपाय सेरियम ऑक्साइडची पॉलिश, आणि ते वेगळ्या भावाचं वेगळं काम आहे.

उंचीबद्दल आम्ही हद्द आखून घेतली: जमिनीवरून पोल पोचेल तितकंच, आणि शिडीवरून तळमजला. शिडी चारास एक, म्हणजे बारा फुटांवर टेकत असेल तर पाया भिंतीपासून तीन फूट. वायपर ओढायला एक हात मोकळा हवा म्हणून शिडीला वर रबरी टेकू असलेला आडवा दांडा लावून घ्या. हार्नेस, म्हणजे अंगावर बांधायचा सुरक्षापट्टा, आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा शिक्का पाहूनच घ्यायचा, पण हार्नेस घेतला म्हणजे उंचीवर जाता येतं असं नाही. सहा फुटी दोरी आणि झटका शोषणारा पट्टा पूर्ण उघडला तर पायाजवळच्या बांधणीपासून खाली सहा मीटर मोकळी जागा लागते. पहिल्या मजल्यावर तो माणूस पट्टा पूर्ण उघडायच्या आधीच जमिनीला लागेल. दोर गच्चीवरच्या पाइपला, कूलरच्या स्टँडला, डिश अँटेनाला किंवा गच्चीच्या कठड्याच्या विटांना कधीही बांधू नका. मिहानसारख्या काचेच्या उंच इमारतींचं काम दोरीवरचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसांचंच आहे. आणि उंच छज्जाखाली आग्या माश्यांचं पोळं आहे का, हे पोल उघडण्याआधी पाहा. पाण्याची धार किंवा ब्रशचा धक्का लागला तर खाली रस्त्यावरच्या माणसांनाही धोका. पोळं दिसलं तर त्या बाजूचं काम त्या दिवशी रद्द.

प्रेशर वॉशर आमच्या यादीत नाही. त्याची धार सिलिकॉनच्या कडा उचकटते आणि ट्रॅकमधून पाणी घरात ढकलते.

वाहतुकीचा विचार खरेदीसोबतच करा. हातसाहित्य दुचाकीवर जातं: झाकणाची बादली पायाशी, पट्ट्या आणि दांडा पाठीवरच्या लांब पिशवीत, आम्लाच्या बाटल्या वेगळ्या डब्यात उभ्या. शटर काढायचं साहित्य आणि शिडी आली की ऑटो किंवा छोटा हत्ती. शुद्ध पाणी नेताना दोनशे लिटरची टाकी म्हणजे दोनशे किलो. ती अर्धी भरलेली असताना ब्रेक लागला की पाणी पुढे उसळून गाडी ढकलतं, म्हणून शंभरच्या दोन टाक्या घ्या, त्या काठोकाठ भरा आणि पट्ट्यांनी केबिनच्या भिंतीला आवळून बांधा. टाक्या काळ्या असू द्या. अर्धपारदर्शक पांढऱ्या टाकीत उन्हानं शेवाळ धरतं आणि तेच पुढे ब्रशच्या जेटची बारीक छिद्रं बुजवतं.